अकरा खुंट्यांची दावण

माझ्या म्हशींना दावणीपर्यंत ओढत न्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. संध्याकाळी त्या नदीवरून परतल्या की मी गोठ्याच्या दारात उभा राहून दोन टाळ्या वाजवायचो आणि लांब हेल काढून म्हणायचो, "जागंवऽऽर!" अकराच्या अकरा एकीमागून एक आत शिरायच्या आणि आपापल्या खुंट्यापाशी जाऊन मान खाली घालून उभ्या राहायच्या. कधी एकीनं दुसरीची जागा घेतली नाही. मी मग नुसती दावी गळ्यात अडकवत जायचो. म्हैस बघायला गिऱ्हाईक आलं की त्याला चहावर चहा पाजून मी मुद्दाम संध्याकाळपर्यंत बसवून ठेवायचो. हा खेळ एकदा बघितला की माणूस घासाघीस विसरायचा. "जनावरं न्हवंत गड्या, शाळंतली पोरं हायत," असं म्हणत लोक घरी जायचे आणि पुढच्या बाजारात चार जणांना सांगायचे.

हे आधी सांगायचं कारण पुढं येईल.

मी कुणाच्या जिवावर उभा राहिलेला माणूस नाही. मिसरूड फुटायच्या आधी दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत बाजाराला नेली. दात कसे बघायचे, कास कशी चाचपायची, लंगडं जनावर मऊ मातीत उभं करून कोण कसं विकतं, हे सगळं मार खाऊन शिकलो. आष्ट्याच्या पुढं नदीकाठी जागा घेतली, दगडी भिंतींचा गोठा बांधला, वर पत्रा टाकला. धाकट्या भावाला हाताशी धरलं. त्याच्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं मी बघितलं. माझं तोंड फटकळ आणि हात हलका, म्हणजे लवकर उठणारा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. भावालाही माहीत होतं.

महापूर आला तेव्हा मी लोणंदला होतो. जनावरं बघायला गेलो होतो आणि पावसानं अडकलो. भावाला फोन केला.

"पाणी कुटवर आलंय?"

"वड्यात घुसलंय, आण्णा. अजून गोठ्याला लागलं न्हाई."

"माजी सोड. आधी माजी सोड, मग तुजी बघ."

"सोडतो की. तू काळजी नगं करू."

एवढंच बोलणं झालं. मग फोन गेले, रस्ते गेले. मी लोणंदच्या स्टेशनाजवळ एका खोलीत आठ दिवस पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालत होतो.

गावात पाय ठेवला तेव्हा माझ्या म्हशी पुरून झाल्या होत्या. गाळातून यंत्रानं ओढून काढून, माळाला मोठा खड्डा घेऊन, वर चुना टाकून. काढताना जे चार-पाच जण होते त्यांनी सांगितलं, सगळ्या दावणीला होत्या. जशा रोज उभ्या असतात तशा ओळीत. तेच ऐकत मी शाळेच्या पटांगणावर गेलो. तिथं वरच्या अंगाला पुरातली माणसं राहत होती. व्हरांड्याच्या खांबाला माझ्या भावाच्या दोन गाई बांधल्या होत्या. रवंथ करत होत्या.

"आण्णा, म्या सोडल्या हुत्या," भाऊ म्हणाला. त्याचे डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता. मला ते दिसलं, पण मी मनावर घेतलं नाही.

"सोडलेली म्हस खुंट्याला मरती व्हय रं? पवणारं जनावर ते!"

तो नुसता माझ्याकडं बघत राहिला, जणू काही सांगावं की नको असा विचार चाललाय. मी त्याला गावादेखत मुस्काडात मारली. त्याच्या गाई दचकून मागं सरल्या. त्यानं गालाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "बरं." आणि गाईंना पाणी पाजायला निघून गेला.

त्या 'बरं'चा अर्थ मी तीन वर्षं लावत होतो. चोराचा कबुलीजबाब, असाच लावत होतो.

गोठ्यात मी पाऊल टाकलं नाही. बायको पुराच्या आधीच वारली होती, मुलगा नोकरीला लांब. कुलूपसुद्धा न लावता मी निघालो आणि लोणंदला बाजाराच्या मागं एक खोली घेतली. साठी उलटलेला माणूस, हातात एक पिशवी. बाजारात पुन्हा दलाली सुरू केली. पंधराव्या वर्षी जिथं उभा होतो तिथंच परत उभा.

तिथं तो मला भेटला.

एका बकऱ्यावरून मी एका माणसाशी भांडत होतो. तो म्हणत होता दोन दाती, म्हणजे कोवळं, मी म्हणत होतो तुझ्या बापाचे दात दोन. तेवढ्यात मागून कुणीतरी शांतपणे बोललं, "दात घासल्यात त्याचं. कानशीनं. हिरडी बगा की."

वळून बघितलं तर माझ्याच वयाचा एक काळा, उंच धनगर. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बरोबर एकही जनावर नाही.

"तुमाला कुणी इचारलं वो?" बकऱ्याचा मालक पिसाळला.

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "बकऱ्यानंच सांगितलं."

मी हसलो. पुरानंतरचं माझं ते पहिलं हसू असावं. चहाला नेला. त्याचं गाव माणदेशाच्या बाजूला, पार पूर्वेला. कळप होता, गेला, एवढंच बोलला. मुलं पुण्याकडं गाड्या चालवतात. गावात बसवत नाही म्हणून बाजार-बाजार फिरतो.

"मेंढरं न्हाईत, तर काठी कशाला वागवता?"

"हात रिकामा ऱ्हाईला की थरथरतो." त्यानं हात पुढं करून दाखवला. खरंच थरथरत होता.

वर्षभर आम्ही बाजारात एकत्र हिंडलो. तो जनावर ओळखायचा, मी तोंड चालवायचो. तो मला "यापारी" म्हणायचा, मी त्याला "महाराज." मी तापलो की तो माझ्यासमोर पाण्याचा तांब्या सरकवून म्हणायचा, "घ्या, इंजनात पानी वता." मी भावाचा विषय काढला की गप्प ऐकायचा. शंभर वेळा ऐकला असेल. एकदाही "जाऊ द्या" म्हणाला नाही, म्हणून तर मला तो आवडला. जाऊ द्या म्हणणारी माणसं मला शिसारी आणतात.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून विचित्र वाटायची. त्याला मी जनावराला हाक मारताना कधी ऐकलं नाही. धनगर म्हटला की त्याच्या घशात दहा आवाज असतात, हुर्र, टिर्र, शीळ. हा माणूस जनावरांत वावरायचा आणि तोंडातून चकार शब्द नाही. नुसती काठी जमिनीवर ठोकायचा.

मग आम्ही स्वतःच्या शेळ्या घ्यायच्या ठरवल्या. सतरा घेतल्या, चांगल्या पारखून. पण खोलीच्या मालकानं तिसऱ्या दिवशी हात जोडले.

"तुजा गोठा हाय की," मित्र म्हणाला.

"त्यात म्या पाय टाकनार न्हाई."

"तू नगं टाकू. शेळ्या टाकतील."

आमचं कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच टेम्पो ठरवला, आणि तोही अर्ध्या भाड्यात, कारण रागात मी चांगली घासाघीस करतो.

गोठा तसाच होता. दार गाळात रुतून उघडं राहिलेलं. आतल्या भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर हातभर पुराची रेघ, सरळ, जणू कुणी दोरी धरून ओढलेली. रेघेखाली भिंत एका रंगाची, वर दुसऱ्या. पत्र्याच्या उतरत्या कडेला वाळलेला शेवाळाचा पापुद्रा. खाली गुडघाभर गाळ, वाळून भेगाळलेला. दावणीच्या ओळीत खुंट्यांची नुसती टोकं वर दिसत होती. मी दारातूनच बघितलं आणि बाहेर बाभळीखाली जाऊन बसलो.

मित्रानं एकट्यानं आठ दिवस गाळ उपसला. मी बाहेरून बडबड करायचो, तो आतून "व्हय, व्हय" म्हणायचा. भाऊ वर गावठाणात राहतो. एकदा त्या रस्त्यानं सायकलवरून जाताना दिसला. त्यानं गोठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पाय टेकवला. मी थुंकलो. तो निघून गेला.

शेळ्या आत घेतल्या त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा उंबऱ्यापाशी आलो. जे बघितलं ते आधी मला कळलंच नाही. गोठा लांबलचक, सतरा शेळ्यांना पुरून उरेल असा. डावीकडं दावण आणि तिच्यासमोर गव्हाण. गव्हाणीत मित्रानं हिरवा घास टाकला होता. आणि सतराही शेळ्या उजव्या भिंतीला एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, पिंजऱ्यात भरल्यासारख्या. अर्धा गोठा मोकळा. दिवसभर उपाशी जनावर, समोर घास, आणि एकही पुढं येत नव्हती.

"वास येत असंल गाळाचा," मी म्हणालो.

"गाळ तर म्या समदाच काडला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी चिडून, उंबऱ्याबाहेरूनच, मित्राला एक शेळी कानाला धरून दावणीच्या ओळीत नेऊन उभी करायला लावली. ती ओरडली नाही. चार पाय आखडून, अंग चोरून, दोन म्हशींच्या मध्ये सापडलेलं करडू जसं उभं राहतं तशी उभी राहिली. सोडल्याबरोबर भिंतीकडं पळाली, पण सरळ नाही. वळणं घेत, कशाला तरी चुकवत.

मग माझ्या लक्षात आलं की मित्रही तसाच चालतो. पाण्याची बादली घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात जायचं असेल तर दावणीच्या ओळीतून सरळ जात नाही. मागून, भिंतीच्या कडेनं, लांबून वळसा घालून जातो, म्हशीची लाथ चुकवून माणूस जातो तसा.

"काय रं, हितं कोन उभं दिसतंय तुला?"

"कुनी न्हाई."

"मग सरळ का जात न्हाईस?"

"तुजी म्हस लाथ मारायची का?"

"तिसऱ्या खुंट्याची मारायची," मी बोलून गेलो.

"मग?" एवढं म्हणून तो बादली घेऊन पुन्हा वळसा घालून गेला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. बाजारात अंगारे विकणाऱ्यांशी मी भांडलेलो आहे. पण रोज दिवस मावळताना शेळ्या आत जायच्या वेळेला मला त्या दारात थांबवेना, आणि थांबल्याशिवायही राहवेना. कारण मित्र तिथं काय करायचा ते सांगतो.

तो दाराशी उभा राहायचा. एक शेळी आत गेली की उंबऱ्यावर काठीचा एक ठोका. धनगर असंच मोजतात. सतरा शेळ्या, सतरा ठोके. पण सतरा झाल्यावर तो थांबायचा नाही. अठरावा ठोका. एकोणिसावा. त्याची नजर गुडघ्याइतक्या उंचीवर, बाहेरून आत, बाहेरून आत, अशी सरकत राहायची. मध्येच काठी आडवी धरून तो थोडं थांबायचा, दोघी एकदम घुसल्या की थांबतात तसं, आणि पुन्हा ठोका. शंभराच्या पुढं जायचा. मग दार लोटायचा आणि बिडी पेटवायचा. शेळ्या तेवढा वेळ भिंतीला लागून दाराकडं एकटक बघत असायच्या. एकही हलायची नाही.

पंधरा दिवस मी बघितलं. मग माझं डोकं फिरलं. त्याच्या हातातली काठी हिसकावली.

"कुनाला मोजतोस रं? कुनाला आत घेतोस माज्या गोठ्यात?"

त्याचा रिकामा हात थरथरायला लागला. तो उंबऱ्यावर बसला. तेव्हा त्यानं पहिल्यांदा सांगितलं.

चाऱ्याची तंगी होती. कापून नेलेल्या ज्वारीच्या रानाच्या कडेनं तो कळप घेऊन चालला होता. ज्वारीच्या धसकटांना कोवळा फुटवा आला होता, आणि पाऊस ओढ देऊन बसलेला. अशा फुटव्यात ईख असतं. मूठभर खाल्ला तरी मेंढरू मरतं, हे धनगराच्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं. म्हणून तो कळप बांधावरून नेत होता. एक मेंढी घुसली आणि दहा पावलांत कोसळली. तिला ओढून काढायला तो रानाच्या मधोमध गेला. बाकीचा कळप बांधावर उभा होता, बिचकलेला. त्याला वाटलं, पांगला तर चहूकडून रानात घुसेल. म्हणून त्यानं हाक मारली.

"कसली हाक?"

"येकच तर हाक हुती माजी. जन्मभर तीच. त्या हाकंला समदी माज्याकडं यायची." त्यानं माझ्याकडं बघितलं. "आनि म्या उभा कुटं हुतो?"

 कळप बांध उतरून त्याच्याकडं आला. येता येता, पळता पळता, तोंडाला येईल तो फुटवा ओरबाडत आला. काही त्याच्या पायापाशी येऊन पडली.

"बांधावरच उभी हुती, यापारी. पोटभर जगली असती. माजी हाक आयकली म्हनून मेली."

मी काठी त्याच्या हातात परत दिली. हात थरथरायचा थांबला. उरलेले ठोके त्यानं पुरे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आता तू आत ये. म्या माजं दावलं. तुजं आत हाय."

बाभळीखालून उठून मी आत गेलो. गोठ्याच्या मागच्या भिंतीला, दारातून दिसत नाही अशा कोपऱ्यात, त्यानं खिळे ठोकून अकरा दावी टांगली होती. गाळातून निघालेली, धुतलेली, खुंट्यांच्या क्रमानं. निळी नायलॉनची दावी. ती मीच घेतली होती, कारण सुंभाची कुजतात. नायलॉन कुजत नाही.

"कवापासनं टांगलीत?"

"गाळ काडला तवापासनं. तू आत येशील म्हनून वाट बगत हुतो."

"सांगितलं का न्हाईस?"

"तुजं आयुक्श दात बगन्यात गेलं. दुसऱ्यानं सांगितल्याला दात तू कवा मानलाय?"

मी एकेक दावं हातात घेतलं. खुंट्याकडची गाठ जशीच्या तशी, मी मारलेली. गळ्याकडचं टोक मोकळं. ओढाताणीत तुटलेलं असतं तर धागे पिंजारले असते. पिंजारले नव्हते. टोकाला जुन्या गाठीचा पीळ होता. ती हातानं सोडलेली होती. दुसरं, तिसरं, चौथं. सगळी हातानं सोडलेली. सातव्या-आठव्याच्या टोकाला पीळ घट्ट आवळलेला, नखांनी उकरून सोडल्यासारखा, कारण भिजलेल्या गाठी सुटत नाहीत. अकरावं दावं सोडलेलं नव्हतं. ते विळ्यानं कापलेलं होतं. एका झटक्यात नाही. दोन-तीन वार अर्धवट, मग शेवटचा.

त्याच्यावरून माणूस किती पाण्यात उभा होता ते मला कळलं. गळ्याची गाठ पाण्याखाली गेल्याशिवाय कुणी आंधळा वार करत नाही. अकराव्या म्हशीची मान माझ्या छातीइतकी उंच होती. माझा भाऊ माझ्यापेक्षा बुटका आहे.

तोंड उघडून दात बघितल्याशिवाय मी जन्मात एक जनावर घेतलं नाही. हा राग मात्र मी न बघता घेतला होता आणि तीन वर्षं पोसला होता.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. सोडल्या होत्या, तर मेल्या कशा? आणि त्याही ओळीत? म्हैस पोहते. पत्र्याखाली अडकली तरच मरते, आणि दार तर उघडं होतं. मी मित्राकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता.

"तुला म्हाईत हाय," मी म्हणालो.

"मला न्हाई म्हाईत. पर ज्याला म्हाईत हाय त्यो वर ऱ्हातो."

भर दुपारी मी अकरावं दावं घेऊन भावाच्या दारात गेलो. भावजय चूल सारवत होती. मला बघून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि आत तोंड करून म्हणाली, "आवं, बाहीर या. आण्णा आल्यात." भाऊ आला. माझ्या हाताकडं बघितलं. आधी त्याला वाटलं असावं मी मारायला आलोय. मग त्यानं दावं ओळखलं.

जन्मभर मी सौदे केले. बोलायला सुरुवात कुठून करायची हे मला कधी शोधावं लागलं नव्हतं. त्या दारात मात्र मी नुसतं दावं पुढं केलं. त्यानं ते माझ्या हातातून घेतलं, कापलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं.

"हिची गाठ सुटंना," तो म्हणाला. "दात लावून बगितलं."

"मग... सोडलीस तर मेल्या कशा रं?"

तो दारातल्या दगडावर बसला. मीही बसलो. त्यानं भावजयीला पाणी आणायला आत पाठवलं. ती आत गेल्यावर बोलला, हळू, जणू गोठ्यातल्या कुणाला ऐकू जाईल.

"सोडल्या, आण्णा. काठीनं हाकलून बाहीर काडल्या. समद्या. रस्त्यावर घेतल्या. पर पान्याचा आवाज लय हुता, बिथरल्या. चौकडं पांगाय लागल्या. माजं आयकंनात. माजा आवाज त्यास्नी कवा म्हाईतच न्हवता. समदा वखत तूच." त्यानं दावं हाताभोवती गुंडाळलं. "मग मला वाटलं, तुज्या आवाजाला थांबतील. थांबल्या की दोर लावून वर न्हेईन. म्हनून म्या तुजा आवाज काडला."

मला ऐकायचं नव्हतं. मी उठायला लागलो. त्यानं माझा पंचा धरला.

"दोन टाळ्या वाजवल्या. आनि तुज्यासारकं म्हनलो. लय बेस निगाला रं आवाज, आण्णा. मलाच वाटलं तू आलास. समद्या वळल्या. माज्या अंगावरनं, वळीनं, गोठ्यात गेल्या. छातीभर पानी आत. जाऊन आपापल्या जागंवर उभ्या ऱ्हायल्या. म्या बडवल्या, शेपट्या मुरगाळल्या. हलल्या न्हाईत. माना वर करून उभ्या. पानी वाडत ग्येलं, मग पत्र्याखाली दार गावलं न्हाई त्यास्नी."

"तवा का न्हाई बोललास? मारलं तवा का न्हाई बोललास?"

"काय बोलू? तुज्या आवाजावर मेल्या म्हनून सांगू?" त्याचा आवाज अजून बसलेलाच होता. आता मला कळलं, तो तेव्हापासून तसाच होता. "त्यापरीस मुस्काडात बरी हुती."

भावजय पाणी घेऊन आली. मी तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. भाऊ म्हणाला, "जेवून जा." मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. निघताना तो दावं परत द्यायला लागला. मी म्हणालो, "ठेव. ते तुजं हाय." त्यानं ते दारामागच्या खुंटीला अडकवलं.

खाली आलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. मित्र शेळ्या घेऊन परतत होता, नेहमीसारखा गुपचूप.  माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं. तो दाराशी उभा राहिला. शेळ्या आत गेल्या. सतरा ठोके. मग त्याचे ते पुढचे, शंभराच्या वर. मी पहिल्यांदा शेजारी उभा राहून सगळे ऐकले. त्याचं झालं. पण त्यानं दार लोटलं नाही. काठी वर धरून तसाच उभा राहिला. वारा नव्हता. नदीकडच्या वाटेवर धूळ स्थिर होती.

"मार हाक," तो म्हणाला.

"यडा हायस का?"

"बाहीर उभ्या हायत. तीन वर्सं उभ्या हायत. तुजी हाक आली न्हाई म्हनून आत येत न्हाईत. आत निस्त्या त्यांच्या जागा हायत, शेळ्या न् म्या त्याच चुकवतो."

"आन् आत आल्या मंजी?"

"मंजी आज पानी न्हाई." त्यानं गोठ्याकडं मान केली. "माजी हाक म्या मारू शकत न्हाई, यापारी. माजं रान अजून हिरवंच दिसतं मला. तुजा गोठा कोरडा हाय. तुला जमंल."

मी त्याला दोन शिव्या घातल्या. मग पंचा खांद्यावर टाकला, हात मोकळे केले. दोन टाळ्या वाजवल्या. तीन वर्षं न काढलेला आवाज घशात खरवडला आणि मग निघाला, लांब, वाटेच्या टोकापर्यंत. "जागंवऽऽर!"

काही झालं नाही. मी हसणार होतो. तेवढ्यात उजव्या भिंतीला चिकटलेल्या शेळ्यांनी एकदम माना वळवल्या. दाराच्या तोंडाशी दोन शेळ्या उभ्या होत्या. त्या मागं सरल्या, एक एका बाजूला, दुसरी दुसऱ्या. मोठं जनावर आत घ्यायला जागा करून देतात तेवढ्या सरल्या.

मित्रानं काठी माझ्यापुढं धरली.

"तुज्या हायत," तो म्हणाला. "तूच मोज."

त्याचा हात थरथरायला लागला होता. मी काठी घेतली आणि उंबऱ्यावर पहिला ठोका दिला.